घरातही डोक्यावर रुमाल

माजिद माजिदी यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’मधले (१९९७) बूट सगळ्यांच्या लक्षात राहतात, साखर मात्र विसरली जाते. तेहरानमधल्या गरीब घरात छोट्या अलीचे वडील मशिदीतल्या कार्यक्रमासाठी साखरेचे खडे फोडत बसलेत. पुढ्यात ढीग. अलीची धाकटी बहीण जहरा चहा आणून ठेवते, तर ते तिच्याकडे साखर मागतात. इतकी साखर आहे की इथे, असं तिला वाटतं. ही मशिदीची आहे, आपल्यावर विश्वासानं सोपवलेली, असं ते समजावतात. प्रसंग जेमतेम मिनिटभराचा. पण इराणात साखरेचा खडा दातांत धरून चहा पितात, हे ठाऊक असेल तर त्या बिनसाखरेच्या चहाची चव प्रेक्षकाच्याही जिभेवर येते.

परका देश पडद्यावर कळतो तो अशा जागी. जिथे दिग्दर्शकाला आपल्या माणसांना काही समजावून सांगायची गरजच वाटत नाही, तिथे.

अब्बास कियारोस्तामींच्या ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?’मध्ये (१९८७) आजोबा छोट्या अहमदला सिगारेटी आणायला पिटाळतात. सिगारेटी त्यांच्या खिशात असतात. पोरानं सांगितलेलं ऐकायला शिकावं एवढाच हेतू. लहानपणी वडील आपल्याला आठवड्याला नाणं द्यायचे आणि पंधरवड्याला मार, हेही ते अभिमानानं सांगतात. मराठी प्रेक्षकाला या आजोबांची ओळख करून द्यावी लागत नाही. असगर फरहादींच्या ‘अ सेपरेशन’मधली (२०११) म्हाताऱ्याची देखभाल करायला ठेवलेली रझिया मात्र त्याला थबकायला लावते. म्हाताऱ्या रुग्णाचे कपडे खराब झालेत, तो परपुरुष आहे, त्याला स्वच्छ करणं पाप ठरेल का, हे ती आधी फोन करून विचारते. तिच्या श्रद्धेला फरहादी हसत नाहीत आणि तिचा गौरवही करत नाहीत. पुढे कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायची वेळ येते, तेव्हा सगळी कथा याच श्रद्धेपाशी येऊन अडते. २०१२मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या या चित्रपटाइतकं इराणी मध्यमवर्ग आणि श्रमिक यांच्यातलं अंतर क्वचितच कुणी दाखवलं असेल.

सबटायटलांतून मात्र बरंच गळतं. ‘तारोफ’ हा तिथला शिष्टाचार घ्या. टॅक्सीवाला भाडं आधी नाकारतो, प्रवासी आग्रह करतो, मग पैसे हातात पडतात. आपल्याकडच्या ‘अहो, कशाला उगाच’ची ही फारसी भावकी. इंग्रजी ओळीत उरतो तो कोरडा नकार, आणि माणूस तऱ्हेवाईक वाटू लागतो.

आणि काही गोष्टी तर पडदा चक्क चुकीच्या सांगतो. १९७९च्या क्रांतीनंतरच्या इराणी चित्रपटांत बाई स्वतःच्या घरात, नवऱ्यासमोर, अगदी अंथरुणातसुद्धा डोक्यावर रुमाल बांधून असते. खऱ्या घरांत असं कुणी वागत नाही. हा सेन्सॉरचा नियम आहे. परका प्रेक्षक त्याला रिवाज समजून बसतो. पती-पत्नीची भूमिका करणाऱ्या नट-नटीनं एकमेकांना स्पर्शही करायचा नाही. म्हणून कितीतरी दिग्दर्शकांनी कथा रस्त्यावर किंवा गाडीत नेली. कियारोस्तामींचा ‘टेन’ (२००२) सबंध गाडीत घडतो, तसाच जाफर पनाहींचा ‘टॅक्सी’ही (२०१५). पनाहींवर तेव्हा चित्रपट करण्याचीच बंदी होती.

दुसरी चाळणी महोत्सवांची. कान आणि बर्लिनमार्गे आपल्यापर्यंत येतात ते संथ, गंभीर चित्रपट. इराणी माणूस तिकीट काढून काय पाहतो, हे त्यात दिसत नाही. कमाल तबरीजींचा ‘मारमुलक’ (२००४) घ्या. मुल्लाच्या वेशात तुरुंगातून पळालेल्या चोराची ही कथा. चित्रपट तिथे तुफान चालला आणि मग थिएटरांतून उतरवला गेला. इराणी समाज आपल्या धर्मगुरूंवर कसा हसतो, हे कळायला दहा संथ चित्रपटांपेक्षा हा एक उपयोगी. आपल्या फिल्म सोसायट्यांनी असे चित्रपट आवर्जून दाखवायला हवेत. मुंबईवर तर ती जबाबदारी जास्तच. पहिला फारसी बोलपट ‘दुख्तर-ए-लोर’ (१९३३) इथेच, ‘आलम आरा’वाल्या अर्देशीर इराणींच्या इम्पीरियल कंपनीत तयार झाला.

आता रुमालाचा नियमही काहीजण मोडू लागलेत. मरियम मोगद्दम आणि बेहताश सनाईहा यांच्या ‘माय फेवरिट केक’मधली (२०२४) सत्तरीची विधवा महीन घरात मोकळ्या केसांनी वावरते. बाहेर निघताना रुमाल बांधते, परत आली की काढून ठेवते. एका संध्याकाळी ती एका वयस्क टॅक्सीवाल्याला घरी बोलावते, लपवून ठेवलेली वाइन काढते, दोघं नाचतात. हा चित्रपट बर्लिनच्या स्पर्धेत दाखवला गेला, तेव्हा दोन्ही दिग्दर्शकांना इराण सोडायची परवानगी नव्हती.