कासवांची मूळ प्रत

न्यूयॉर्कच्या गटारात राहणारी चार कासवे टीव्हीवर बातमी पाहतात की, शहरात भर रस्त्यावर चार कासवे मारामारी करताना दिसली. ही चौघे तर घरातच बसलेली आहेत. मग ती कोण? 'टर्टल्स फॉरेव्हर' या २००९ च्या अमेरिकी ॲनिमेशनपटाची ही सुरुवात. रस्त्यावरची चौघेही तीच आहेत, फक्त दुसऱ्या मालिकेतली. घरात बसलेली कासवे २००३ साली सुरू झालेल्या 'टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स' मालिकेतली, रस्त्यावरची १९८७ च्या मालिकेतली. एकाच नायकांच्या दोन आवृत्त्या समोरासमोर येतात आणि एकमेकींना पाहून पहिल्यांदा काय होते, तर एका आवृत्तीला दुसरीची लाज वाटते.

ही लाजच मला या चित्रपटातली अभ्यासण्याजोगी गोष्ट वाटते. चाहत्यांमध्ये त्यावरून झालेले वादही तिच्याभोवतीच फिरतात.

ज्यांचा या कासवांशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा पूर्वेतिहास. केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोन तरुण चित्रकारांनी मे १९८४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या डोव्हर गावातून एक कृष्णधवल कॉमिक स्वतःच छापले. पहिली छपाई सुमारे ३,००० प्रतींची. फ्रँक मिलर यांच्या 'डेअरडेव्हिल' आणि 'रोनिन' या त्या वेळच्या गंभीर कॉमिकांची ती थट्टा होती. म्हणजे ज्याला आज 'मूळ' म्हणतात, ते मुळातच दुसऱ्या कशाचे तरी विडंबन. युरोपीय प्रबोधनकाळातल्या कलावंतांची नावे धारण करणारी ही कासवे त्यात माणसे मारतात, आणि श्रेडर हा खलनायक पहिल्याच अंकात मरतो. १९८७ च्या मालिकेत मात्र तो मरत नाही, कारण दर आठवड्याला त्याची गरज असते. त्याचे सैनिक यंत्रमानव झाले, म्हणजे तलवार चालली तरी रक्त सांडायला नको. कासवांचा गुरू असलेला उंदीर स्प्लिंटर कॉमिकमध्ये हामाटो योशी या निंजाचा पाळीव उंदीर होता. मालिकेत योशी स्वतःच उंदीर झाला. पिझ्झ्याचे वेड, कमरेच्या पट्ट्यावरची आद्याक्षरे, सततचे विनोद ही सगळी या मालिकेची भर. ब्रिटनमध्ये तर 'निंजा' हा शब्दच हिंसक ठरवून नावात 'हिरो' घालण्यात आले. २००३ ची मालिका पुन्हा कॉमिकच्या जवळ गेली. तिच्यावर लेअर्ड यांची बारीक नजर होती, आणि तिचा श्रेडर म्हणजे पोलादी कवचात लपलेला एक परग्रहवासी.

चित्रपटात हा परग्रहवासी श्रेडर १९८७ च्या श्रेडरचे प्रचंड युद्धयंत्र बळकावतो आणि त्याच्या साह्याने शोध लावतो की, कासवांची विश्वे असंख्य आहेत, पण ती सगळी एकाच विश्वातून फुटलेली आहेत. ते मूळ विश्व नष्ट केले की बाकीची आपोआप मिटतील. ते विश्व कृष्णधवल आहे, १९८४ च्या कॉमिकचे. तिथली कासवे आपल्या हालचालींचे निवेदन स्वतःच करतात, जणू चौकटीतला मजकूर वाचून दाखवत आहेत. हा चित्रपटातला सर्वांत चांगला विनोद, आणि तो कॉमिक वाचलेल्यालाच पुरता कळतो.

चाहत्यांचा वाद अर्थातच इथून सुरू होतो. १९८७ ची मालिका लहानपणी पाहिलेल्यांची तक्रार अशी की, आमच्या कासवांना विदूषक केले. ती विनोदी होती, पण बावळट नव्हती. लिओनार्डो पुढारी होता, डोनाटेलो हुशार होता. चित्रपटात ती चौघे कशालाही हसतात, धोका ओळखत नाहीत आणि २००३ ची कासवे कपाळावर हात मारून घेतात. दुसरा पक्ष म्हणतो, ती तशीच होती, तुम्हाला लहानपणी कळले नाही एवढेच. तिसरा पक्ष कॉमिकवाल्यांचा: तुम्ही दोघेही नंतरचे. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ साली चाहत्यांना दुसऱ्याच्या रानात शिरून शिकार करणाऱ्यांची उपमा दिली होती. इथे मात्र मला शिकाऱ्यांपेक्षा पोथ्या जुळवत बसलेले पंडित जास्त दिसतात. कोणता प्रसंग अस्सल, कोणता प्रक्षिप्त, कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, हेच त्यांचे प्रश्न.

मराठी वाचकाला हे प्रश्न पुण्याच्या भांडारकर संस्थेमुळे परिचयाचे असावेत. १९२५ पासून वि. सी. सुखटणकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रे घेतली आणि १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण केले, तेव्हा व्यास सांगतात आणि गणपती लिहितो ही कथा संहितेतून निघून परिशिष्टात गेली. हस्तलिखितांचा पुरावा तिच्या बाजूने नव्हता. निर्णय शास्त्रशुद्ध होता. पण त्यामुळे कोणाच्याही मनातल्या गणपतीने लेखणी खाली ठेवली नाही. सुखटणकरांचा दावाही मर्यादित होता. आपण सिद्ध केलेली संहिता म्हणजे व्यासांच्या तोंडची वाणी असे ते म्हणत नव्हते. उपलब्ध हस्तलिखितांवरून मागे जाता येईल तितके मागचे रूप, एवढेच. आणि मुख्य म्हणजे, जे गाळले ते त्यांनी नष्ट केले नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत ते सगळे शिल्लक आहे.

श्रेडरची चूक नेमकी इथे आहे. चित्रपटकर्त्यांचीही थोडीफार तीच. दोघेही समजतात की वंशवृक्षाचे बूड म्हणजेच वृक्ष. प्रत्यक्षात या कासवांची पाठपरंपरा सरळ उतरलेली नाही, तिच्यात संकर झालेला आहे. एकच पुरावा पुरेसा आहे. १९८४ च्या कॉमिकमध्ये चौघांच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या सारख्याच; मुखपृष्ठावर रंग दिला तिथे चारही लाल. कोण कोणता हे हातातल्या शस्त्रावरून ओळखायचे. लिओनार्डोची निळी, डोनाटेलोची जांभळी, मायकेलअँजेलोची नारिंगी आणि राफाएलची लाल पट्टी ही वाटणी १९८७ ची मालिका आणि तिच्यासोबतची खेळणी यांनी रुळवली. आता 'टर्टल्स फॉरेव्हर'मधली २००३ ची ती गंभीर, कॉमिकनिष्ठ कासवे पाहा. त्यांच्या डोळ्यांवर निळी, जांभळी, नारिंगी आणि लाल पट्टी आहे. ज्यांची त्यांना लाज वाटते, त्यांचेच रंग बांधून ती उभी आहेत. चित्रपटात याकडे कोणी बोटही दाखवत नाही.

मी ही कासवे २००३ च्या मालिकेतून ओळखू लागलो, त्यामुळे पहिल्यांदा पाहताना मीही त्या चौघांबरोबर १९८७ वाल्यांना हसलो होतो. पट्ट्या दुसऱ्यांदा पाहताना दिसल्या.

लेखणी कोणाच्या हातात होती हेही विसरून चालणार नाही. चित्रपट २००३ च्या मालिकेच्या मंडळींनी केलेला. त्यांच्या कासवांना त्यांचे नेहमीचे आवाज मिळाले. १९८७ च्या कासवांचे मूळ आवाज मात्र घेतले नाहीत, नव्या कलाकारांनी त्यांची नक्कल केली. पात्राची नक्कल करणारा नट स्वभावापेक्षा लकबी पकडतो, आणि लकब ताणली की व्यंगचित्र होते. चाहत्यांच्या तक्रारीत भावनेचा भाग आहेच, पण तिला असा कानाला कळणारा आधारही आहे. पुढे २०१६ मध्ये निकेलोडियनच्या नव्या मालिकेत या दोन पिढ्यांची पुन्हा भेट घडवली, तेव्हा जुने आवाज परत आले. रॉब पॉलसन यांनी त्यात १९८७ चा राफाएल आणि नव्या मालिकेचा डोनाटेलो असे दोन्ही आवाज दिले. थट्टा त्या भागातही आहे, पण ती घरातली वाटते.

तरी चित्रपटाच्या बाजूने एक सांगायला हवे. शेवटच्या लढाईत सगळी शहाणी, गंभीर माणसे हरत आलेली असताना श्रेडरचा नाश होतो तो १९८७ च्या मालिकेतल्या बीबॉप आणि रॉकस्टेडी या दोन महामूर्ख रानटी गड्यांच्या वेंधळेपणामुळे. कथानकाने आपल्याच पक्षपाताला दिलेले हे उत्तर मुद्दाम होते की अनवधानाने, हे ठरवणे कठीण. मला ते आवडते.

या प्रश्नाचे दुसरे टोक 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या २०२३ च्या चित्रपटात दिसते. तो भारतात मराठीसह दहा भाषांमध्ये लागला होता. तिथे वाचवायला मूळ विश्व नाही. आहे ते 'कॅनन', म्हणजे प्रत्येक कोळी-नायकाच्या आयुष्यात घडलेच पाहिजेत असे प्रसंग. जवळच्या पोलीस अधिकाऱ्याचा मृत्यू हा त्यातला एक. २००४ साली भारतीय कॉमिकमध्ये जन्मलेला मुंबईचा पवित्र प्रभाकर इथे मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र केलेल्या 'मुंबॅटन'मध्ये राहतो. माइल्स तिथल्या इन्स्पेक्टर सिंग यांना मरू देत नाही, आणि पवित्रचे विश्व उसवू लागते. न्यूयॉर्कच्या पीटर पार्करच्या घरात जे दुःख घडले ते मुंबॅटनच्या सिंगांच्या घरातही घडलेच पाहिजे, असा हा कायदा. मिगेल ओहारा हा त्याचा राखणदार, आणि त्याचे बरोबर की चूक यावर चाहते अजून भांडत आहेत. चित्रपट अर्ध्यात थांबतो, त्यामुळे भांडायला वावही आहे. कासवांच्या चित्रपटात मूळ प्रत जपली की बाकीच्या वाचतात. इथे मूळ प्रतीचा आग्रहच इतरांचा गळा धरतो. दुसरी मांडणी मला जास्त प्रामाणिक वाटते, पण पहिलीत माया जास्त आहे.

त्या मायेचे कारण 'टर्टल्स फॉरेव्हर'च्या अखेरीस दिसते. सगळी विश्वे जागच्या जागी गेल्यावर चित्रपट १९८४ मध्ये येतो. ईस्टमन आणि लेअर्ड पहिला अंक पुरा करत आहेत, तो खपेल की नाही याची त्यांना चिंता आहे. चित्रपट नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकी टीव्हीवर दाखवला गेला तोही कापून. पूर्ण लांबीचा वेगळा आहे, म्हणजे पाठभेद त्यालाही चुकले नाहीत. त्याच्या महिनाभर आधी, ऑक्टोबरमध्ये, लेअर्ड यांनी कासवांचे सारे हक्क निकेलोडियनला सुमारे ६ कोटी डॉलरना विकल्याची घोषणा झाली होती. पडद्यावरचे ते दोघे तरुण मात्र काम आवरून पिझ्झा खायला निघतात.