चित्रामागचा कान

भिंतींना कान असतात, असे आपण म्हणतो. पण त्या वेळी आपल्या मनात भिंत नसते, भिंतीपलीकडचा शेजारी असतो. जॉर्ज ऑरवेलने आपल्या १९४९ सालच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीत भिंतीलाच खरोखरीचा कान दिला. या कादंबरीची चर्चा निघाली की बोलणे बहुधा ‘टेलिस्क्रीन’पाशी, म्हणजे घराघरांतून माणसांना पाहणाऱ्या आणि ऐकणाऱ्या पडद्यापाशी थांबते. मला मात्र ती पुन्हा वाचताना वाटले की, ऑरवेलची खरी भेदक दृष्टी त्या पडद्यात नाही. ती एका जुन्या चित्रात आहे.

पडदा उघड आहे. तो कोठे आहे हे नायक विन्स्टनला ठाऊक आहे. म्हणून तर तो खोलीतला एक कोनाडा गाठून, पडद्याच्या नजरेआड बसून रोजनिशी लिहितो. ज्युलिया त्याला रानात भेटते ती कोवळ्या, बारीक खोडांच्या झाडांत. अशा खोडांत मायक्रोफोन लपवता येत नाही, एवढा विचार तिने केलेला असतो. अशी सावध माणसे शेवटी फसतात कोठे? चॅरिंग्टनच्या जुन्या सामानाच्या दुकानावरील खोलीत. तेथे पडदा दिसत नाही. भिंतीवर फक्त एका चर्चचे चित्र आहे. ती दोघे तेथे मोकळेपणी बोलतात, आणि एके दिवशी त्या चित्रामागूनच आवाज येतो. उघड्या कानापुढे माणूस जीभ आवरतो. कान नाही अशी खात्री पटली की मन मोकळे करतो. लपलेल्या कानाची लूट मोठी असते ती यामुळे.

आता कादंबरीबाहेर पाहू. अमेरिकेत २०१७ साली ‘नेस्ट सिक्युअर’ नावाची घर राखणारी यंत्रणा विक्रीस आली. चोर शिरला तर ओरडणारी तिची मुख्य पेटी, ‘नेस्ट गार्ड’, लोकांनी विश्वासाने घरात मांडली. २०१९ च्या फेब्रुवारीत गूगलने जाहीर केले की, आता या पेटीला तोंडाने कामे सांगता येतील. म्हणजे ती ऐकू शकते! तिच्यात मायक्रोफोन पहिल्यापासूनच होता. पण पेटीत काय काय आहे हे सांगणाऱ्या यादीत त्याचा उल्लेख नव्हता. कंपनीने खुलासा केला की, गुप्त ठेवण्याचा हेतू नव्हता, यादीत लिहायचे राहिले ही चूक झाली, आणि ग्राहकाने मुद्दाम चालू केल्याखेरीज तो चालू होत नाही.

हा खुलासा मी खरा धरतो. आणि येथेच ऑरवेल मला अपुरा वाटतो. त्याच्या चित्रामागे एक दुष्ट राजसत्ता उभी आहे. हेतूवाचूनही कान लपून राहू शकतो, हे त्याच्या जगात बसत नाही. येथे कोणी वैरी नाही, चॅरिंग्टनसारखा सोंगाड्या नाही. घरधन्याने स्वतः पैसे मोजून चित्र आणले, स्वतः खिळा ठोकला, आणि चित्रामागे काय आहे ते सांगायला विकणारा विसरला. खलनायकावाचून घडणारी ही गोष्ट लिहायला अधिक अवघड आहे, आणि आपल्याला अधिक जवळची.

“पण आमच्या घरात लपवण्यासारखे आहे काय?” असे कोणी म्हणेल. मी शाळामास्तर, मला यावर कच्ची वही आठवते. मी मुलांची पक्की वही तपासतो, तिला गुण देतो; कच्ची वही मागत नाही. तिच्यात काही गुन्हा नसतो. चुकलेली गणिते आणि खोडलेले शब्द असतात, आणि त्या खोडण्यातूनच मूल शिकते. घर ही आपल्या बोलण्याची कच्ची वही आहे. रागाच्या भरात भावाविषयी निघालेला शब्द, मुलीच्या लग्नखर्चाची मध्यरात्री केलेली जुळवाजुळव, हे सारे बोलून खोडायचे असते. २०१९ सालीच, जुलैत, बेल्जियममधील व्हीआरटी या प्रसारण संस्थेने गूगलच्या बोलक्या सहायकाने टिपलेले हजाराहून अधिक ध्वनितुकडे ऐकले. असे तुकडे ऐकून तपासायला माणसे नेमलेली होती, आणि त्यांतल्याच एकाकडून ते बाहेर आले होते. त्यांपैकी १५३ तुकडे यंत्राला हाक न मारताच टिपले गेले होते. त्यांत शयनगृहातले बोलणे होते, आईबाप-मुलांचे बोलणे होते. कोणाची तरी कच्ची वही परक्या हाती पडली होती.

‘नेस्ट गार्ड’ची विक्री २०२० साली थांबली आणि तिची सेवाही २०२४ साली संपली. पण दिवाळीच्या भेटींत बोलक्या पेट्या आता आपल्याकडेही येतात. त्या आणणाऱ्या भाच्या-पुतण्यांना मी नावे ठेवणार नाही. बिचारे प्रेमानेच आणतात. फक्त पेटी मांडण्याआधी त्यांना जवळ बसवून विचारावे, “बाबा रे, हिचे कान कोठे आहेत, आणि ते मिटायचे कसे?” उत्तर मिळेपर्यंत सर्वांनी फराळ करावा; पेटी खोक्यातच असू द्यावी.