बालकवींची ‘उदासीनता’ : कारण आणि औषध

त्र्यंबक बापूजी ठोंबरे ऊर्फ बालकवी (१८९०-१९१८) यांचे नाव निघताच ‘फुलराणी’ आणि ‘औदुंबर’ आठवतात. ‘उदासीनता’ ही त्यांची छोटी कविता मात्र आम्हांस अधिक विचारार्ह वाटते.

आमच्या पारशिवनीजवळचे रामटेक म्हणजेच ‘मेघदूता’तील रामगिरी, अशी परंपरा आहे. त्या यक्षाच्या दुःखाला कारण आहे, वर्षाची मुदत आहे आणि निरोप नेणारा मेघ आहे. बालकवींच्या दुःखाला यांपैकी काहीच नाही. ते कोठून आले हे कवीला कळत नाही. शेवटी उरतो तो औषधाचा प्रश्न, आणि त्याला उत्तर नाही. गीतेने व संतांनी ‘उदासीन’ हा शब्द अनासक्तीसाठी, म्हणजे गुण म्हणून वापरला. येथे तोच शब्द दुखण्याचे नाव झाला आहे.

भाडळी स्थानकाजवळ रेल्वे अपघातात झालेल्या कवीच्या मृत्यूचा धागा या कवितेशी जोडण्याचा मोह काहींना होतो. आम्हांस ते अन्यायाचे वाटते. कारण सापडत नाही, हेच या कवितेचे सत्य आहे.

माणसाने मात्र कारण सदैव शोधले. ग्रीक वैद्यांनी शरीरातील काळ्या पित्ताला दोष दिला. चरकाने विषादाला रोग वाढविणाऱ्या गोष्टींत अग्रस्थान दिले. चौथ्या शतकात वाळवंटातील तपस्वी एवाग्रियस याने साधकाला भर दुपारी ग्रासणाऱ्या मरगळीस कुविचारांत गणले. त्यावर त्याचा उपाय प्रार्थना, श्रम आणि आपली खोली न सोडणे हा होता. पुढे क्रुसाचे संत योहान यांनी आत्म्याची अंधारी रात्र आणि शरीरप्रकृतीतून येणारी खिन्नता यांत भेद केला. हा भेद मोलाचा आहे. तो विसरल्यामुळेच खिन्न माणसाला ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ असे आपल्या घराघरांतून ऐकावे लागते.

संत थॉमस अक्वायनस इतके कठोर नव्हते. ‘सुम्मा’मध्ये त्यांनी दुःखावर पाच उपाय सांगितले आहेत : आनंद, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि झोप व स्नान. एवढ्या मोठ्या धर्मपंडिताला झोप आणि आंघोळ सांगण्यात कमीपणा वाटला नाही!

यांतील तिसरा उपाय बालकवींना अहमदनगरला लाभला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी ते काही काळ राहिले, आणि लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांना घरच्या मुलासारखे रेखाटले. त्या मायेने उदासी समूळ गेली असे आम्ही म्हणणार नाही. पण तिच्यासकट त्यांना घरात जागा मिळाली, हे थोडके नव्हे.

ख्रिस्तसभाही या बाबतीत शिकत आली आहे. १९१७ च्या धर्मसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेतून तो उल्लेख गेला. १९९२ चे ‘कॅटेकिझम’ सांगते की गंभीर मानसिक विकाराने माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशांच्या तारणाविषयी आशा सोडू नये. शेतकरी आत्महत्यांचे दुःख सोसलेल्या विदर्भात हे घरोघरी ठाऊक असावयास हवे.

म्हणून ही कविता प्रौढांनी तरुणांसह वाचावी, असे आम्ही सुचवितो. तसे वाचताना एखादा मुलगा ‘मलाही असेच होते’ म्हणाला, तर त्याला प्रवचन देऊ नये. त्याचे ऐकून घ्यावे, डॉक्टरांकडे न्यावे, आणि त्याच्यासोबत प्रार्थनाही करावी.