खलनायकाचे कूळ

इतिहासाने ज्याला खलनायक ठरवले, त्याचे कूळ शोधायला माणसे लगेच निघतात. सज्जनाच्या आजोबाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ही खोड किती जुनी आहे ते ज्यूंच्या धर्मग्रंथातील एस्तेरच्या पुस्तकात दिसते, आणि आपल्या मातीत ती कशी रुजली ते जुन्नरच्या इतिहासात.

एस्तेरच्या पुस्तकातला हामान हा इराणच्या बादशहाचा वजीर. साऱ्या ज्यूंच्या कत्तलीचा हुकूम तो मिळवतो आणि शेवटी स्वतःच फासावर जातो. कुरआनातील हामान फिरऔनच्या दरबारातला आहे. नाव एक असले तरी प्रसंग वेगळा. एस्तेरचे पुस्तक हामानला फक्त ‘अगागी’ म्हणते. एवढ्या एका शब्दावरून परंपरेने त्याला अमालेकी राजा अगाग याचा वंशज ठरवले. मात्र शौलाने अमालेक्यांचा संहार केला आणि अगागला खुद्द शमुवेलाने ठार मारले, असे धर्मग्रंथच सांगतो. मग वंशज आला कोठून? तर, मरणापूर्वी मिळालेल्या अवधीत अगागला संतती झाली, असे उत्तर नंतरच्या परंपरेने तयार ठेवले. पुढे ग्रीक रूपांतरात तर हाच हामान मॅसिडोनियन झाला. ज्या काळात जो शत्रू वाटला, त्याचे कूळ हामानला मिळाले. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाज हामानच्या पाडावाचा पुरीम ‘होळीचा सण’ म्हणून पाळत आला आहे. म्हणजे ही कथा मराठी मुलखालाही परकी नाही.

आता जुन्नरकडे वळू. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने जुने चार सुभे मोडून आठ केले. जुन्नर हा त्यांतलाच एक. या फेररचनेत तेलंगणाचेही दोन तुकडे झाले आणि तिथल्या मलिक हसन बहरीची सत्ता निम्म्यावर आली. पुढे गावानच्या शिक्क्याचे बनावट पत्र सुलतानापुढे ठेवले गेले आणि 1481 मध्ये गावानचा शिरच्छेद झाला. या कटाचा सूत्रधार म्हणून तवारिखांनी मलिक हसनकडे बोट दाखवले आहे. 1486 मध्ये तोही मारला गेला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने 1490 मध्ये जुन्नर येथे स्वतंत्र सत्ता उभारली, ती निजामशाही. अहमदनगर त्याने 1494 मध्ये वसवले.

या मलिक हसनचे कूळ कोणते? फिरिश्ता सांगतो की तो मूळचा ब्राह्मण, नाव तिमाप्पा, बापाचे नाव भैरव. विजयनगरच्या स्वारीत तो कैद झाला, मुसलमान झाला आणि शाहजाद्याबरोबर शिकला. ‘भैरव’चा उच्चार बिघडून ‘बहरी’ झाले, असे एक मत. बहरी म्हणजे ससाणा, तो शाही शिकारखान्यावर होता म्हणून हे नाव पडले, असे दुसरे. याउलट ‘बुरहान-ए-मआसिर’चा कर्ता तबातबा याच्या मते मलिक अहमद हा हसनचा मुलगाच नव्हे, तर बहमनी सुलतानाचा!

दोघांपैकी कोणाचे मानावे? आमच्या मते आधी लेखणी कोणाच्या पदरी होती ते पाहावे. तबातबा निजामशाही दरबारात बसून लिहीत होता. धन्याला राजरक्त देणे हे त्याचे कामच होते. फिरिश्ताने ग्रंथ लिहिला विजापुरात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या छायेत. पण त्यापूर्वी तो अहमदनगरच्या चाकरीत होता. तोच असेही सांगतो की हे घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे, आणि त्या गावासाठी बुरहान निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाई केली. दोन्ही गोष्टी एकाच लेखणीच्या असल्याने एकीने दुसरी सिद्ध होत नाही, हे मान्य. तरीही आमचे माप फिरिश्ताच्या बाजूला झुकते. दरबारी भाट राजरक्त शोधतो. कुलकर्णीपण मुद्दाम कोण शोधून काढील?

परंतु खरा मुद्दा पुढेच आहे. मलिक हसन ब्राह्मणाच्या पोटी जन्मला म्हणून गावान मेला का? मुळीच नाही. निम्मा झालेला सुभा, दख्खनी आणि आफाकी यांच्यातली चुरस, सुलतानाचा उतावळेपणा, ही त्यामागची कारणे. कुळाची गोष्ट पुढे आणली की ही कारणे मागे पडतात. आज कोणी निजामशाही ‘मूळची आपली’ म्हणून मिरवतो, तर कोणी तिला ‘परक्यांची’ म्हणून झिडकारतो. दोघांचेही माप एकच आहे, रक्ताचे. आम्हा मराठी मुसलमानांना हे माप ओळखीचे आहे. ‘तुम्ही मूळचे कोण?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा उत्तर नको असते, निकाल हवा असतो.

या बाबतीत तल्मूदमधील एक उल्लेख आम्हांस फार मोलाचा वाटतो. हामानच्या वंशजांनी बनेई बराक येथे तोरेचे अध्ययन केले, असे तिथे म्हटले आहे. ज्या परंपरेने हामानला अमालेकाचे रक्त चिकटवले, तिनेच त्या रक्ताला तोरेच्या अध्ययनाला बसवले. जुन्नरकरांनीही मलिक हसनचा न्याय करावा, तो त्याच्या हातून घडले त्याचा करावा. तिमाप्पाला त्या कटघऱ्यात उभे करण्याचे कारण नाही.