‘किरण’ आणि ‘चांदणे’ : एक अर्थभेद

चंद्रप्रकाशासाठी ‘अमरकोशा’ने ‘चंद्रिका’, ‘कौमुदी’ आणि ‘ज्योत्स्ना’ हे शब्द समानार्थी म्हणून एकत्र दिले आहेत. मराठी काव्याच्या विवेचनात याच पंक्तीला ‘चंद्रकिरण’ आणि ‘चांदणे’ हे शब्दही सहज बसवले जातात. कोशाच्या दृष्टीने यात फारसे वावगे नाही; काव्यसंहितेच्या वाचनात मात्र ही सरमिसळ अर्थहानी करते.

‘किरण’ या संकल्पनेत उगम, दिशा आणि लक्ष्य गृहीत असते. म्हणूनच किरण बाणासारखा लागू शकतो. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात, शीतल म्हणवणाऱ्या किरणांनी चंद्र आग ओततो, ही दुष्यंताची तक्रार याच गृहीतावर उभी आहे. याउलट, राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त नोंदवलेल्या एका कविसमयानुसार ज्योत्स्ना घड्यांत भरून नेता येते. येथे प्रकाश हा शर नसून द्रव्य आहे. भेदाचे मूळ अशा रीतीने संस्कृत परंपरेतच आहे; मराठीतील ‘चांदणे’ त्याच्या दुसऱ्या बाजूला झुकते. हे नपुंसकलिंगी नाम एरवी मोजले जात नाही. चांदण्यात माणसे बसतात, फिरतात. ‘पिठूर’ या विशेषणाने त्याला पिठाचा पोतही येतो.

‘ज्ञानेश्वरी’च्या पहिल्या अध्यायातील चकोराचा दृष्टान्त या संदर्भात पाहण्यासारखा आहे. कविसंकेताप्रमाणे चकोर चंद्रिका पितो. ज्ञानदेवांच्या ओवीत चकोराची पिले शरदाच्या चंद्रकळेतील अमृताचे कण हळुवारपणे टिपतात. प्रकाश कणरूप झाल्यामुळे श्रवण हीदेखील मऊ मनाने करावयाची वेचणी ठरते.

ज्ञानदेवांच्या नावावरील ‘घनु वाजे’ या विरहिणीत हा भेद अधिक निर्णायक आहे. शृंगाराची उद्दीपने म्हणून विश्वनाथाने पुढे ‘साहित्यदर्पणा’त चंद्र आणि चंदन यांचा जोडीने उल्लेख केला. विरहिणीतही चांदणे आणि चंदन शेजारी येतात. पण दोहोंचे कार्य एक राहत नाही. चंदनाची चोळी अंग पोळते, फुलांची शेज आगीसारखी होते. चांदणे मात्र पोळत नाही, ते केवळ नावडते होते. जे अंगाला भिडते ते जाळते. चांदण्याला किरणाचे टोक नाही, म्हणून ते जखम करीत नाही. ते सभोवार असते आणि निरर्थक झालेले असते.

चांदणे आणि चंदन यांचे सान्निध्य अनुप्रासाने साधले आहे, असा आक्षेप संभवतो. परंतु अनुप्रासाने शब्दांची जवळीक समजते, त्यांच्या क्रियांमधील अंतर नव्हे. एका रचनेवरून सर्व संतकाव्याचा नियम काढता येणार नाही, हे खरे. तरीही ‘उद्दीपन’ या एकाच संज्ञेखाली चांदणे आणि चंदन दोन्ही मिटवून टाकणारे वाचन अपुरे ठरते. विरहात जग वैरी होते, हे ते वाचन सांगते. जग वैरी न होताही परके होऊ शकते, ही विरहिणीची अधिक सूक्ष्म जाणीव त्याच्या हातून निसटते.