डोक्यावरून जाणारा इतिहास

१६ मे २०१३ रोजी इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात, डरवेंट धरणाच्या काठी, बरेच लोक माना वर करून उभे होते. चार इंजिनांचे जुने लँकेस्टर बाँबफेकी विमान जलाशयावरून घरघरत आले, धरण ओलांडून पुढे गेले आणि दिसेनासे झाले. निमित्त होते ७० वर्षांपूर्वीच्या एका हल्ल्याचे. ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने याच जलाशयावर सराव केला होता. १६ मे १९४३ च्या रात्री तिची १९ लँकेस्टर विमाने जर्मनीकडे निघाली आणि त्यांनी म्योने व एडर ही दोन धरणे फोडली.

युद्धकालीन विमानांच्या अशा हवाई मानवंदनेला 'जिवंत इतिहास' म्हणण्याची प्रथा आहे. त्यातून पाहणाऱ्याला काय कळते, काय कळत नाही आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे मात्र क्वचितच विचारले जाते. शिक्षकाने ते विचारायला हवे.

प्रथम विमानाविषयी. डरवेंटवर आलेल्या लँकेस्टरचा क्रमांक पीए४७४. ते १९४५ च्या मध्यास तयार झाले. जपानविरुद्धच्या मोहिमेसाठी ते नेमलेले होते, पण तोवर युद्धच संपले. पुढे आफ्रिकेत हवाई छायाचित्रणाचे काम त्याने केले. म्हणजे या विमानाने युद्धात एकही बाँब टाकलेला नाही. त्याच्या अंगावर वेळोवेळी दुसऱ्याच, प्रत्यक्ष लढलेल्या विमानांची चिन्हे रंगवली जातात. यात फसवणूक नाही, कारण ही गोष्ट कोणी लपवत नाही. पण आपण पाहतो ती प्रतिनिधी वस्तू आहे, साक्षीदार नव्हे, एवढे लक्षात ठेवावे.

आता हल्ल्यामागच्या विज्ञानाविषयी. मानवंदनेत नेमके तेच गळून पडते. धरणाच्या भिंतीसमोर पाण्यात पाणतीरांना अडवणारी जाळी होती. बार्न्स वॉलिस या अभियंत्याने ती ओलांडण्यासाठी पाण्यावरून टप्पे घेत जाणारा बाँब सुचवला. आपली मुले तळ्यावर चपटा दगड भिरकावतात, तेच तत्त्व. सुमारे ४,२०० किलोग्रॅम वजनाच्या या पिंपासारख्या बाँबला टाकण्यापूर्वी मिनिटाला ५०० फेऱ्यांची उलटी गिरकी दिली जाई. या गिरकीमुळे बाँब कोलांट्या न खाता सरळ टप्पे घेई आणि भिंतीवर आपटल्यावर दूर न जाता तिला लगटून खाली बुडे. सुमारे ९ मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने त्याची कळ सुटे. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे स्फोटाचा धक्का थेट भिंतीवर बसे.

बाँब टाकायची उंची ठरली होती १८ मीटर. नववीचा विद्यार्थीही हिशेब करू शकेल : १८ मीटर उंचीवरून खाली यायला सुमारे १.९ सेकंद लागतात. ताशी ३७० किलोमीटर वेगाने जाणारा बाँब तेवढ्या वेळात सुमारे २०० मीटर पुढे जातो. बाँब सोडायचा होता भिंतीपासून सुमारे ४०० मीटरवर. म्हणजे पहिला टप्पा साधारण अर्ध्या वाटेवर पडणार. उंची थोडी चुकली तरी सगळे गणित बिघडणार.

पण अंधारात, पाण्यावर, १८ मीटर उंची मोजायची कशी? त्या काळची उंचीमापके एवढ्या कमी उंचीवर भरवशाची नव्हती. तोडगा भूमितीने दिला. विमानाच्या पोटाखाली पुढे-मागे दोन दिवे तिरपे बसवले. त्यांचे झोत बरोबर १८ मीटर खाली एकमेकांना मिळत. पाण्यावर दोन कवडसे वेगळे दिसले की उंची चुकली आहे, एकमेकांना भिडले की बरोबर.

२०१३ च्या मानवंदनेत यातले काय होते? दिवस होता, दिवे नव्हते, बाँब नव्हता, गिरकी नव्हती. उरला होता आकार आणि आवाज.

माणसांचा हिशेबही तसाच हवेत विरतो. त्या रात्री गेलेल्या १३३ जणांपैकी ५३ मारले गेले आणि ३ कैद झाले. १९ पैकी ८ विमाने परतली नाहीत. धरणांखालच्या खोऱ्यांत सुमारे तेराशे ते सोळाशे माणसे बुडून मेली. त्यांत नेहाइम येथील छावणीत सक्तीच्या मजुरीसाठी आणून ठेवलेल्या सोव्हिएत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. म्हणजे हिटलरच्या कैदेत असलेलेच त्या पुरात वाहून गेले. म्योने धरण त्याच वर्षीच्या शरद ऋतूपर्यंत पुन्हा बांधून झाले. वैमानिकांचे धैर्य यामुळे कमी होत नाही. पण ज्या स्मरणात खोऱ्यातली माणसे येत नाहीत, ते अर्धेच स्मरण होय.

या विमानांच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र खरोखर वजनदार आहे. संग्रहालयातले विमान पुसून ठेवले तरी भागते. उडणारे विमान चालू ठेवायला जुनी इंजिने उघडणारे, रिव्हेट मारणारे, पत्रा घडवणारे हात लागतात. ही विद्या पुस्तकातून उतरत नाही. उड्डाण बंद झाले की ती एका पिढीत संपेल.

परंतु याच ठिकाणी पदार्थविज्ञान आडवे येते. तार वारंवार वाकवली की तुटते, हे आपण सर्वांनी करून पाहिले आहे. धातूच्या या शिणाला पोलादात एक सुरक्षित मर्यादा असते. तिच्याखालचा ताण ते जवळजवळ कितीही वेळा सोसते. विमानासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट मर्यादा नाही. प्रत्येक उड्डाण पंखाच्या आयुष्यातून थोडे वजा करते. म्हणूनच पीए४७४ च्या पंखांचा मुख्य आधारदांडा १९९५-९६ च्या हिवाळ्यात बदलावा लागला. आज जगात उडू शकणारी लँकेस्टर विमाने दोनच आहेत, हे आणि दुसरे कॅनडात. जपण्यासाठी उडवायचे, आणि उडवले की झिजायचे, असा हा पेच आहे.

पेच नुसता धातूचा नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत कनेटिकट राज्यात प्रवासी घेऊन उडालेले बी-१७ विमान कोसळून ७ जण मृत्युमुखी पडले. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी डॅलस येथील प्रदर्शनात दुसरे एक बी-१७ आणि पी-६३ लढाऊ विमान हवेत एकमेकांवर आदळले. ६ जण गेले. विमाने एकमेकांपासून दूर कशी ठेवायची याची पुरेशी योजना उड्डाणापूर्वी आखून सांगितलेली नव्हती, असे चौकशीत निष्पन्न झाले. २५ मे २०२४ रोजी ब्रिटिश हवाई दलाच्या स्मारक पथकाचे स्पिटफायर कोसळून वैमानिक ठार झाला, आणि नॉर्मंडी स्वारीच्या ८० व्या स्मृतिदिनी पथकाची विमाने जमिनीवरच राहिली. मृतांच्या स्मरणासाठी आणखी मृत्यू ओढवून घेणे कोणत्याच मानवंदनेत बसत नाही.

याउलट एक उदाहरण. २०१८ मध्ये धरणांवरील हल्ल्याच्या ७५ व्या स्मृतिदिनी जोराच्या आडव्या वाऱ्यामुळे लँकेस्टरचे उड्डाण रद्द केले गेले. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे धावपट्टीवर आडव्या वाऱ्यात ते गर्रकन वळू पाहते. लोक हिरमुसले, पण त्या दिवसाचा निर्णय हा उड्डाणाइतकाच चांगला धडा होता.

आपल्याकडेही असे एक विमान आहे. भारतीय हवाई दलाला २०१८ मध्ये मिळालेल्या डकोटाला व्हीपी९०५ हा क्रमांक दिला आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला उतरलेल्या पहिल्या डकोटाचा हा क्रमांक. म्हणजे इथेही विमान प्रतिनिधीच. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी ते दोन डॉर्नियर विमानांसह दिल्लीवरून उडाले, ते १९७१ च्या टांगाइल येथील छत्रीधारी सैनिकांच्या स्मरणार्थ. दूरदर्शनवर ते दृश्य काही सेकंदांत सरले. टांगाइल कुठे आहे, हे किती वर्गांत नकाशावर दाखवले गेले असेल?

माझे मत असे : ही उड्डाणे बंद करू नयेत, पण मोजकी असावीत. विमान एकटे किंवा आखून दिलेल्या अंतराने उडावे, गर्दीवरून जाऊ नये, आणि त्यात वैमानिक व आवश्यक कर्मचारी यांखेरीज कोणी नसावे. आणि विमान येण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून दोन्ही बाजूंच्या मृतांचा आकडा सांगितला जावा.

वर्गात तर विमानाचीही गरज नाही. एक मीटर लांबीच्या काठीच्या दोन टोकांना दोन विजेऱ्या बांधा. दोन्ही झोत आतल्या बाजूला, काठीशी ६० अंशांचा कोन करतील असे वळवा. काठी आडवी धरून खोलीत अंधार करा आणि ती हळूहळू जमिनीकडे न्या. कवडसे एकमेकांना मिळतील तेव्हा उंची मोजायला सांगा. गणिताने ती सुमारे ८७ सेंटीमीटर यायला हवी. मग विचारा, काठीऐवजी विमान असते, रात्र असती आणि समोरून तोफा चालू असत्या तर? आणि धरणाखाली गाव असते तर?