अपमृत्यूचे कागद आणि आमचे कुलवृत्तान्त

अलीकडे कित्येक कुलवृत्तान्त आमच्या पाहण्यांत आले. जन्म, विवाह, इनामें यांचा शोध त्यांत चिकाटीनें केलेला दिसतो. परंतु घरांतील कोणी विहिरींत, गिरणींत वा बंदरांत मेला असेल, तर ‘अकालीं निधन’ या दोन शब्दांवर संपादक थांबतात. ही सोय झाली, इतिहास नव्हे. याच्या उलट, कांहीं हौशी शोधक ‘मुंबईस कोरोनरची चौकशी झालीच असेल’ असें गृहीत धरून चालतात. दोन्ही रीति सदोष आहेत.

अपघात, खून, आत्महत्या, अज्ञात कारणानें आलेला आकस्मिक मृत्यु व तुरुंगांतील मृत्यु यांची चौकशी मुंबई शहरांत १८७१ च्या चौथ्या कायद्यान्वयें कोरोनर पंचांसह करीत असे. पंच पांचापासून पंधरापर्यंत, विषम संख्येनें बसत. २५ एप्रिल १८९१ रोजीं राजाबाई मनोऱ्यावरून पडून दोन पारशी तरुणी मेल्या. ती चौकशी वर्तमानपत्रांतून गाजली. हें पद महाराष्ट्रानें १९९९ मध्यें मोडलें. परंतु त्याची सत्ता शहरापुरतीच होती. आज जेथें नवी मुंबई वसली आहे, त्यांपैकीं बेलापूर, तुर्भें हीं गांवें ठाणें जिल्ह्यांतलीं, तर पनवेल त्या काळीं कुलाब्यांत. तेथें पोलीस शेजारच्या दोन वा अधिक प्रतिष्ठितांसमक्ष मयताचा पंचनामा करीत. १८९८ च्या फौजदारी संहितेच्या १७४ व्या कलमांत ही रीत आहे. म्हणून पनवेलीस मेलेल्याचा शोध कोरोनरच्या दप्तरीं घेणें व्यर्थ. मात्र कारण कोठेंहि घडो, शव शहरांत असलें कीं अधिकार कोरोनरचा. पनवेलीस जखमी होऊन जे. जे. रुग्णालयांत मेलेल्याचा कागद मुंबईस शोधावा.

आतां आमचाच दोष सांगतों. आमचे चुलत आजोबा मुंबईस पटकीनें वारले, असें आम्हीं कुलवृत्तान्तासाठीं लिहून दिलें होतें. पुढें पोथ्यांच्या फडक्यांत इंग्रजी वर्तमानपत्राचें एक कात्रण निघालें : त्याच नांवाचा मनुष्य गोदींत बुडाल्याची कोरोनरची चौकशी, निर्णय ‘अपघात’. आडनांव नव्हतें, रोमन लिपींत त-ट, द-ड यांचा भेदहि राहत नाहीं. एका पोथीवरून पाठ ठरवूं नये, हा आमचा जुना पाठ. म्हणून कात्रणांतील तारखेची तिथि पंचांगावरून काढली. ती घरच्या श्राद्धतिथीशीं जुळली. मग आठवलें कीं, आजी त्यांचा महालय भाद्रपद वद्य चतुर्दशीस करवीत असे. तो दिवस शस्त्रादिकांनीं मेलेल्यांचा; पटकीच्या रोग्याचा नव्हे. वृत्तान्तानें जें झांकलें, तें श्राद्धानें जपलें होतें.

तरी ‘अपघात’ हा पंचांचा निर्णय आहे, प्रत्यक्ष नव्हे. साक्ष देणाऱ्यांत आप्तहि असत, आणि आप्तांना घरची लाज राखावयाची असते. ते पडले कीं त्यांनीं उडी घेतली, हें त्या कागदावरून ठरत नाहीं. आणि ठरवण्याचा मोह आम्हीं आवरला आहे. संपादकांनीं मृत्यूचें स्थळ, शवाचें स्थळ, चौकशी करणारा अधिकारी व त्याचा निर्णय हीं चार वेगवेगळीं लिहावीं, आणि निर्णयापुढें ‘पंचांच्या मतें’ एवढें घालावें. पटकीचें आमचें विधान आम्ही येथें मागें घेतों.